धर्मपालभाऊंचा पाहुणा

परवा भरदुपारी घरातली लाइट गेली आणि मी सवयीने धर्मपालभाऊंना फोन लावला. ‘हॅलो’ म्हणायची त्यांना सवय नाही.

"काय गेलं जी? एकच फेज का पूर्ण?"

"पूर्ण गेलं, भाऊ."

"बाजूवाल्याची आहे काय?"

मी खिडकीतून पाहिलं. बाजूवाल्याचा पंखा मजेत फिरत होता.

"मंग तुमचाच फ्यूज उडला. पहिले मेन स्विच पाडा, मंगच हात लावा. अन् सर, मी सिरोंच्यात आहो. गोदावरीच्या काठी बसून मच्छी खाऊन राह्यलो."

आमचे लाइनमन धर्मपाल खोब्रागडे निवृत्त होऊन वर्ष होत आलं. लेक सुजाता सिरोंच्याच्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे ते आणि शीलाबाई राहायला गेले. आमचं गाव आरमोरीपासून बसने अर्ध्या तासावर, आणि तिथून सिरोंचा म्हणजे सकाळी निघालेला माणूस दिवस मावळता पोचतो. तरी लाइट गेली की गावातले निम्मे लोक अजून त्यांनाच फोन लावतात आणि ते अजून उचलतात. कोणत्या खांबावरची कोणती तार सैल आहे, हे त्यांना तिकडे बसून आठवतं. नवीन लाइनमन मडावीबाई याचं वाईट वाटून घेत नाहीत. त्याही अडल्या की त्यांनाच फोन करतात.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या विजेबद्दल नाही, गिटारबद्दल. तीस वर्षं गावाच्या तारा सांभाळणारा हा माणूस घरी आल्यावर आणखी सहा तारा मांडीवर घेऊन बसायचा आणि त्यांच्यावर एकच तुकडा वाजवायचा. एकच. तीस वर्षं. इतकी चिकाटी मी फक्त आमच्या शाळेच्या गळक्या नळात पाहिली आहे.

या सगळ्याचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं. आयटीआय झाल्यावर धर्मपालभाऊ नोकरीच्या मुलाखतीसाठी नागपूरला गेले होते. येताना भीमगीतांची कॅसेट आण, असं वडिलांनी बजावलं होतं. त्यांनी ती फुटपाथवरून घेतली. डबीवर बाबासाहेबांचा फोटो, आत गाण्यांची यादी, सगळं कसं व्यवस्थित. घरी आले, सगळं कुटुंब टेपसमोर सावरून बसलं, आणि आतून कोणी तरी गोरा माणूस इंग्रजीत ओरडायला लागला. डबी खरी होती, आतली कॅसेट दुसरीच होती. वडील म्हणाले, उद्याच्या उद्या परत देऊन ये. आता नागपूर काय शेजारच्या गल्लीत आहे? कॅसेट राहिली.

तिच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी एक गाणं होतं. त्यात गाणारा मध्येच गप्प होतो आणि गिटार पुढे येते. शब्द इंग्रजी असल्यामुळे धर्मपालभाऊंना गाणं कळलं नाही, पण गिटार कळली.

"तो बोलते जी त्याच्यावर," त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "पहिले विचारते. मंग स्वतःच उत्तर देते. मंग ते उत्तर त्यालेच पटत नाई, तं भांडते."

भांडण ऐन रंगात आलं की टेप संपायची. खट्ट. ज्याने कोणी ती कॅसेट भरली होती त्याने शेवटचं गाणं पुरतं मावतं की नाही हे पाहिलंच नव्हतं. भांडण पुढे कुठवर गेलं, मिटलं की नाही, हे धर्मपालभाऊंना कधीच कळलं नाही. कॅसेटवर वाजवणाऱ्याचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. न बोलावता घरी आला आणि राहिला, म्हणून ते त्याला ‘पाहुणा’ म्हणायचे.

"लगन जुळलं तवा याईनं मले सांगतलं नोहोतं का घरी आणखी एक माणूस आहे म्हणून," असं शीलाबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. मी इथे नवा होतो, हायस्कूलला मराठी शिकवायला आलो होतो, आणि मला वाटलं घरात कोणी दूरचे मामा वगैरे असतील. आतल्या खोलीतून गिटार ऐकू येत होती. मी विचारलं, "पाहुणे जेवले का?" शीलाबाई पदर तोंडाला लावून जे हसल्या, ते चहा उकळून उतू जाईपर्यंत हसत होत्या.

विजेवरची ती गिटार त्यांनी पहिल्या पगारातून आणली होती, चंद्रपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली. तिचा लाल रंग जागोजागी उडालेला होता आणि पट्ट्याच्या जागी त्यांनी खांबावर चढायचा जुना पट्टा लावला होता. आवाजाची पेटी स्वतः जोडलेली. आता गंमत अशी, की पाहुण्याच्या गिटारचा आवाज खरखरीत होता, फाटका, कडांना जळल्यासारखा. लाइनमनच्या कानाला खरखर म्हणजे एकच गोष्ट. कुठे तरी जोड सैल आहे. धर्मपालभाऊंना त्या गोऱ्याची फार कीव आली. एवढा गुणी माणूस आणि याला एक बरा वायरमन मिळू नये! स्वतःच्या गिटारमध्ये ती चूक होऊ नये म्हणून त्यांनी सगळे जोड झाळून घेतले, तारा बदलल्या, पेटी तीनदा उघडून तीनदा बंद केली. आवाज एकदम स्वच्छ झाला, आणि त्या स्वच्छ आवाजात पाहुण्याचं भांडण म्हणजे प्रार्थनेसारखं वाजू लागलं.

जवळपास वर्षभराने त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ती खरखर बिघाड नव्हे, मुद्दाम आहे. त्या दिवशी त्यांनी शीलाबाईंची दाभण घेतली आणि स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. आवाज फाटला. त्यांचे डोळे भरून आले. शीलाबाईंचेही आले, कारण तो स्पीकर त्यांच्या माहेरून आलेल्या रेडिओतला होता.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की या पाहुण्यात असं आहे तरी काय. आम्ही वडसा रोडच्या कडेला उभे होतो. त्यांनी वर बोट दाखवलं.

"ते तार पाहा. दोन खांबाईच्या मंधात कशी आहे?"

"लोंबते आहे."

"लोंबत नाई जी. झोल ठेवला आहे. एकदम टाइट वढली तं थंडीत आखडते अन् तुटते. जास्त ढिली सोडली तं हवेत एकमेकीले लागते. झोल किती ठेवाचा हे पुस्तकात आहे, पण खरं पाहाल तं ते हाताले समजते. हा पाहुणा झोल ठेवून वाजवते. सूर एकदम पकडत नाई तो. खालून येते, तार वढत वढत येते, पोचतो का नाई असं वाटाले लागते, अन् मंग पोचते. तोवर आपला जीव वरच्या वर."

चंद्रपूरच्या ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला तेव्हा फार नावाजलेला होता. त्याची बोटं दिसायची नाहीत इतका तो भरभर वाजवायचा. मी त्याचं नाव काढलं.

"त्याचं मीटर लय पळते," धर्मपालभाऊ म्हणाले. "पण उजेड नाई पडत."

मी मराठीचा मास्तर. लेखनशैलीवर मी वर्गात पाऊण तास बोलतो. त्या दिवसापासून मी दरवर्षी हे एकच वाक्य स्वतःचं म्हणून सांगत आलो आहे.

तर अपुऱ्या राहिलेल्या भांडणाचं काय करायचं? धर्मपालभाऊंनी ‘खट्ट’च्या पुढचं स्वतः रचलं. किती वर्षं लागली ते देव जाणे. रचलं ते घरी नाही, जंगलात. त्यांच्या हद्दीतली बरीच लाइन जंगलातून जाते आणि तिथे वाघ आहेत. एकट्याने लाइन तपासत जाताना तोंडाने आवाज करत जावं लागतं, म्हणजे वाघाला आधी कळतं आणि तो बाजूला होतो. बाकीचे लाइनमन काठी आपटतात, कोणी मोबाइलवर गाणी लावतं. धर्मपालभाऊ पाहुण्याचं भांडण तोंडाने वाजवत जायचे आणि ‘खट्ट’ आलं की न थांबता आपलं जोडायचे.

"शेवट फक्त वाघाईनं ऐकला आहे," ते म्हणायचे. "त्याईची काही तक्रार नाई."

घरी मात्र ते जिथे टेप संपते तिथेच थांबायचे. रोज संध्याकाळी भांडण तिथवर यायचं आणि खट्ट. पुढचं फक्त माणसांसमोर वाजवायचं, पुरतं वाजवायचं आणि मध्ये थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शीलाबाई या अर्धवट सुराबरोबर संसार करत होत्या. त्यांनी किती वेळा म्हटलं, "मले तं वाजवून दाखवा, मी का माणूस नोहो?" पण हे ऐकायचे नाहीत.

"घरी वाजवलं तं सवय होऊन जाईन," ते मला म्हणाले. "पहिल्यांदा एकदाच होते जी."

त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. बढती नको होती, चंद्रपूरला बदली नको होती. ते साडेचार मिनिटं एकदा लोकांसमोर शेवटपर्यंत वाजवायचं होतं, एवढंच. आता ही काय फार मोठी मागणी झाली? पण आमचं गाव पडलं उत्साही.

पहिला प्रयत्न जयंतीच्या कार्यक्रमात झाला. भीमगीतं झाली, भाषणं झाली, आणि धर्मपालभाऊ उभे राहिले. इथे त्यांच्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. एरवी हा शांत, लांबट चेहऱ्याचा, जेवतानासुद्धा आवाज न करणारा माणूस. पण गिटार हातात आली की आधी भुवया वर जायच्या, मग डोळे मिटायचे, मग तोंड उघडायचं आणि खालचा ओठ एका बाजूला ओढला जायचा. तार जितकी ताणायची तितका चेहरा ताणायचा. वरच्या सुराला तर मान मागे जायची आणि अंग थरथरायचं. घरच्यांना सवय होती. गाव हे पहिल्यांदाच पाहत होतं.

आणि गावाला त्यांनीच शिकवून ठेवलं होतं. शाळेत, ग्रामसभेत, लग्नाच्या मंडपात, जिथे चार माणसं भेटतील तिथे ते सांगायचे, की करंट लागलेल्या माणसाला हात लावू नका, वाळलेला बांबू घ्या आणि एका झटक्यात त्याला तारेपासून सोडवा. मंडपवाले शेंडेभाऊ हे त्यांचे सगळ्यात हुशार विद्यार्थी. शेंडेभाऊंनी स्टेजकडे पाहिलं. हातात तारा, तोंड वाकडं, अंगाला थरथर. त्यांनी क्षणाचाही विचार न करता मंडपाचा बांबू उपसला आणि धर्मपालभाऊंच्या मनगटावर हाणला. त्यांच्या मेहुण्याने त्याच वेळी मेन स्विच पाडला. मंडपाचा एक कोपरा, ज्याचा बांबू उपसला होता, तो महिला मंडळाच्या अंगावर हळूच बसला.

धर्मपालभाऊ पंधरा दिवस हात गळ्यात बांधून फिरत होते. पण शेंडेभाऊंवर एका शब्दानेही रागावले नाहीत.

"पद्धत एकदम बराबर होती त्याची," ते म्हणायचे. "एकच चुकलं. पहिले मेन स्विच पाडा लागते, मंग बांबू."

दुसऱ्या वेळी गुन्हेगार मी होतो. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक मीच. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात आणि माझाही त्यावर विश्वास आहे. आमच्याकडे कार्यक्रम चालू असताना निवेदकाकडे चिठ्ठ्या येतात. कोणाला कलाकाराला बक्षीस द्यायचं असतं, कोणाच्या पाहुण्याचं आगमन झालेलं असतं, कोणाची म्हैस सुटलेली असते. चिठ्ठी आली की तिथल्या तिथे वाचायची, हा दंडक. नाही वाचली तर तो माणूस पुढची तीन वर्षं आपल्याला रस्त्यात ओळख देत नाही. आणि कार्यक्रम जितका रंगेल तितक्या चिठ्ठ्या जास्त. त्यामुळे आमच्या भागात कलाकार जितका चांगला, तितका तो कमी ऐकू येतो.

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. धर्मपालभाऊ वाजवत होते आणि खरं सांगतो, मला पहिल्यांदाच कळत होतं की ते कशाच्या मागे लागलेत. प्रश्न ऐकू येत होता, उत्तर ऐकू येत होतं. ते ‘खट्ट’पर्यंत आले, एक श्वास घेतला, आणि पुढच्या सुरासाठी तार ओढली. तेवढ्यात माझ्या हातात चिठ्ठी आली. मी सवयीचा गुलाम. माइक तोंडाशी नेला आणि माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हणालो, "या अप्रतिम वादनाने भारावून जाऊन पंचायत समितीच्या माननीय सभापतींकडून एकशे एक रुपयांचं रोख बक्षीस! जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरोखरच जोरदार झाल्या. त्या थांबल्या तेव्हा धर्मपालभाऊ गिटारचा पट्टा उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेपर तपासत असताना माझ्या एकट्याच्या घरची लाइट गेली. तासाभराने धर्मपालभाऊ सायकल टेकवत आले, खांबावर चढले, काही तरी केलं, लाइट आली. खाली उतरून त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, "मंधातच गेली काय जी? वाईट वाटलं असन." माझ्याकडे पुरावा काही नाही आणि मी त्यांच्यावर आरोपही करत नाही.

तिसरा प्रयत्न उपसरपंचांच्या मुलीच्या लग्नात. या वेळी मी माइकपासून दूर होतो आणि शेंडेभाऊ बांबूपासून. धर्मपालभाऊ ‘खट्ट’ ओलांडून चक्क दोन सूर पुढे गेले आणि अख्ख्या गावाची लाइट गेली. रोहित्रावर माकड बसलं होतं. पंखे थांबले, आणि मंडपातल्या पाच-सहाशे लोकांनी एकदम माना वळवून धर्मपालभाऊंकडे पाहिलं. तक्रार म्हणून नव्हे, सवय म्हणून. लाइट गेली की गाव त्यांच्याकडेच पाहायचं. त्यांनी गिटार नवरदेवाच्या मामाच्या हातात दिली, सदऱ्याखाली कमरेला खोचलेली पक्कड चाचपली आणि चालायला लागले. लग्नातसुद्धा पक्कड कमरेला असायचीच. परत आले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

असं होत होत वर्षं गेली. कॅसेट झिजून पाहुण्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येऊ लागला. निवृत्तीला दोन महिने उरले असताना सुजाता सुट्टीवर आली होती. मीही चहाला गेलो होतो. टेप चालू होती. तिने सहज मोबाइलवर गाणं ओळखणारं ॲप उघडून तो टेपजवळ धरला, आणि आम्ही बशीत चहा ओततो न ओततो तोच म्हणाली, "बाबा, सापडला तुमचा पाहुणा! नाव सांगू?"

धर्मपालभाऊंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"नको."

"अवो, पूर्ण गाणं आहे इथी. तुमची कॅसेट जिथी संपते त्याच्या पुढचं बी आहे."

धर्मपालभाऊंनी बशी खाली ठेवली. शीलाबाई स्वयंपाकघरातून पीठ लागलेले हात घेऊन दारात आल्या. शेवटी ते म्हणाले, "नाव राहू दे. शेवट लाव."

तिने लावला. ओळखीचं भांडण आलं, वाढलं, ‘खट्ट’च्या जागेवरून सहज पुढे गेलं. पाहुणा जीव तोडून वाजवत होता. आणि मग, काही ठरायच्या आत, आवाज हळूहळू लहान होत गेला. लहान, आणखी लहान, आणि नाहीसा झाला.

"चार्जिंग संपलं काय?" शीलाबाईंनी विचारलं.

"नाई आई. असंच असते. गाणं संपवाचं राह्यलं का रेकॉर्डिंगवाले आवाज कमी कमी करत नेते."

"अन् तो?" धर्मपालभाऊ म्हणाले.

"कोण तो?"

"पाहुणा. तो तं वाजवूनच राह्यला होता. थांबला नोहोता."

"तो वाजवतच असन. आपल्याले ऐकू नाई येत."

धर्मपालभाऊंनी मान हलवली. "म्हणजे त्याले बी कोणी पुरं करू नाई देल्लं," ते हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तिकडे बी निवेदक असन."

मी चहात तोंड घातलं. मला खरंच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

निरोप समारंभ महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, सबस्टेशनच्या आवारात होता. आदल्या दिवशी धर्मपालभाऊ माझ्याकडे आले. निवेदन मीच करणार होतो. ते बसले, पाणी प्यायले, शाळेचं मीटर कसं चालतं ते विचारलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "सर, उद्या बाबाईसाठी वाजवीन म्हणतो. दोघाईचं." एवढंच. बाबा म्हणजे त्यांचे वडील, ज्यांनी कॅसेट परत द्यायला सांगितली होती. ते असते तर पहिल्या रांगेत बसले असते. ‘दोघाईचं’ म्हणजे स्वतःचं आणि पाहुण्याचं, हे न सांगता मला कळलं.

गावाने जय्यत तयारी केली होती. शेंडेभाऊंनी मंडपातले सगळे बांबू काढून लोखंडी खांब लावले होते आणि हे ते प्रत्येकाला हात धरून दाखवत होते. मडावीबाई समारंभाला आल्याच नाहीत. त्यांचा निरोप आला होता, "भाऊ, मी कंट्रोल रूममधी बसून आहो. तुमचं होयेपर्यंत इथून उठत नाई." सकाळी धर्मपालभाऊंनी पट्टा, हातमोजे, टेस्टर, पक्कड, सगळं साहित्य कार्यालयात जमा केलं होतं. नवा पांढरा सदरा घातलेला तो माणूस कमरेला काही नसल्यामुळे थोडा वाकडा चालत होता.

भाषणं झाली. शाल झाली. ते उभे राहिले. सुजाताने मोबाइल स्टेजच्या कडेला ठेवला, मला वाटलं रेकॉर्डिंगसाठी. भुवया वर गेल्या. डोळे मिटले.

पहिल्या मिनिटाला माझ्या हातात चिठ्ठी आली, की जेवण तयार आहे. मी ती खिशात घातली. दुसरी आली, फाटकासमोरची मोटारसायकल काढा. खिशात. तिसरी खुद्द सभापतींची. बक्षीस होतं आणि या वेळी आकडा मोठा होता. सभापती तिसऱ्या खुर्चीवरून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी भुवई उडवली. मग हाताने माइकची खूण केली. आमच्या शाळेची वर्गखोली त्यांच्याच सहीवर अडली होती. धर्मपालभाऊ ‘खट्ट’शी पोचत होते. त्यांनी श्वास घेतला. सभापती खुर्चीवरून अर्धे उठले. मी सभापतींकडे पाहून नम्रपणे हसलो आणि त्यांच्या देखत माझ्या माइकचं बटन बंद केलं.

पुढचं मी काय सांगू? तीस वर्षांचं भांडण होतं. मला वाटलं होतं आता जोर येईल, आता ते जिंकतील. तसं काही झालं नाही. ते हळू झाले. सूर कमी होत गेले, पण आवाज कमी झाला नाही. प्रश्न पुन्हा आला, आता न रागावता. मग त्यांनी एक सूर धरला, फार खालून, आणि तार ओढत ओढत वर न्यायला लागले. पोचतो की नाही, पोचतो की नाही असं वाटत राहिलं. आणि तो पोचला. तिथे थोडा वेळ थरथरत थांबला आणि विझला.

मंडपात सन्नाटा. कोणीही टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी? गावाने हा तुकडा तीस वर्षं ऐकला होता, पण संपलेला कधीच ऐकला नव्हता. सगळे पुढचं काय म्हणून वाट पाहत होते. धर्मपालभाऊंनी डोळे उघडले. समोरचे गप्प चेहरे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि बिचाऱ्यांचा चेहरा पडला.

"झालं जी," ते म्हणाले. "एवढंच होतं."

पहिल्या रांगेत शीलाबाई होत्या. त्या डोळे पुसत मोठ्याने म्हणाल्या, "गेला बाई एकदाचा पाहुणा!"

मग टाळ्या. मी निवेदक म्हणून आयुष्यभर लोकांकडे जोरदार टाळ्या मागत आलो. या मी मागितल्या नव्हत्या. शेंडेभाऊ तर रडत होते. धर्मपालभाऊ स्टेजवरून उतरले, गिटार तशीच गळ्यात.

आणि पंखे थांबले.

सुजाताच्या मोबाइलमधून मडावीबाईंचा आवाज आला. तो रेकॉर्डिंगला नव्हताच, फोन चालू ठेवला होता. "भाऊ, झालं ना? ऐकलं मी पूर्ण. लाइन बंद करा म्हणून वरून दहा मिनिटांपासून फोनवर फोन येऊन राह्यले. मी म्हटलं, थांबा, इथी एक काम सुरू आहे."

पण ते कोणाच्या लक्षात येण्याआधीच सगळ्या मंडपाने सवयीप्रमाणे माना वळवून धर्मपालभाऊंकडे पाहिलं होतं, आणि सवयीप्रमाणे तेही फाटकाकडे दोन पावलं निघाले होते. उजवा हात सदऱ्याखाली कमरेकडे गेला. तिथे पक्कड नव्हती. हात तिथेच थोडा वेळ चाचपत राहिला. मग ते हसले, मागे फिरले आणि शीलाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गिटार मांडीवर घेऊन बसले.

"जेवून घ्या जी समदे," ते म्हणाले. "येते लाइन."